पाण्यासाठी थांबलेला ताफा

टोंगो टोंगो हे पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाचे मालीच्या सरहद्दीजवळचे एक लहानसे खेडे. ४ ऑक्टोबर २०१७ रोजी सकाळी अमेरिकी आणि नायजरी सैनिकांचा एक संयुक्त ताफा या गावात पाणी भरून घेण्यासाठी थांबला. गावातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच त्याच्यावर दबा धरून बसलेल्या हल्लेखोरांनी गोळीबार सुरू केला. या हल्ल्यात ४ अमेरिकी सैनिक आणि नायजरचे किमान ४ सैनिक मारले गेले. १९९३ साली सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे १८ अमेरिकी सैनिक पडले होते. त्यानंतर आफ्रिकेतील लढाईत अमेरिकेची एवढी हानी झालेली नव्हती. आपले सैनिक तिथे काय करत होते, हा प्रश्न त्यानंतर अमेरिकेत कित्येक आठवडे विचारला जात होता.

नायजर आणि नायजेरिया यांची गल्लत नेहमी होते. नायजेरियाच्या उत्तरेला असलेला नायजर हा वेगळा देश. क्षेत्रफळ १२ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपट. यातला बहुतेक भाग सहारा वाळवंटाने व्यापलेला आहे आणि माणसे राहतात ती मुख्यतः दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात. वाळवंट आणि दक्षिणेकडची हिरवी जमीन यांच्यामधल्या या पट्ट्याला ‘साहेल’ म्हणतात. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ किनारा. वाळूच्या समुद्राचा हा किनारा. वाळवंटातले युद्ध म्हटले की उंचच उंच वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात, पण टोंगो टोंगोचा परिसर तसा नाही. तांबूस माती, काटेरी झाडे, मधूनच बाजरीची शेते आणि पाऊस पडला की भरणारी डबकी. पाऊस साधारण जून ते सप्टेंबर एवढाच, आणि पुढचे आठ महिने त्याच्यावरच निभवायचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गवत वाढलेले असते, सखल भागांत चिखल असतो आणि गुरे चरत असतात. हल्ला झाला तो या दिवसांत.

गुरे हा या गोष्टीतला महत्त्वाचा धागा आहे, आणि वॉशिंग्टनच्या चर्चेत तो जवळजवळ आलाच नाही. नायजर आणि माली यांच्या सरहद्दीवर फुलानी पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या गुरे घेऊन फिरतात. सरहद्दीपलीकडे तुआरेग आणि त्यांच्याशी निगडित टोळ्या. पाणवठे, कुरणे आणि गुरांची चोरी यांवरून या दोन समाजांत वैर होतेच, पण बंदुका हाती आल्या आणि पूर्वी काठ्या-भाल्यांवर मिटणारी भांडणे मुडदे पाडू लागली. गुरे पळवली गेली, माणसे मारली गेली, तरी नायजरचे सरकार दाद घेत नाही, अशी फुलानी तरुणांची तक्रार होती. २०११ साली लिबियात गद्दाफीची सत्ता कोसळली आणि त्याच्या कोठारांतील शस्त्रे सहारा ओलांडून दक्षिणेकडे आली. २०१२ साली उत्तर मालीत तुआरेग बंड झाले आणि बघता बघता जिहादी गटांनी ते गिळंकृत केले. तुआरेग शत्रूंपासून संरक्षण आणि हातात शस्त्र हवे असलेल्या काही फुलानी तरुणांना या गटांनी जवळ केले. धर्मयुद्धाची भाषा नंतरची, आधी गुरांचा हिशेब होता.

फ्रान्सने जानेवारी २०१३ मध्ये मालीत सैन्य उतरवून मोठी शहरे परत मिळवून दिली आणि २०१४ पासून ‘बारखान’ नावाने साऱ्या साहेलभर मोहीम चालवली. शहरे मिळाली, पण उघडा माळ हाती आला नाही. २०१५ साली अदनान अबू वलीद अल-सहरावी या मूळच्या पश्चिम सहारातील म्होरक्याने इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली, आणि त्याच्या गटाने माली, नायजर आणि बुर्किना फासो यांच्या तिठ्यावर आपले बस्तान बसवले. या गटात सरहद्दीवरची स्थानिक पोरे मोठ्या संख्येने होती. डूनडून शेफू हा त्याचा एक दुय्यम नेता. एके काळी तोही याच मुलखात गुरे राखणारा होता.

नायजरच्या सैन्याला या गटाची झळ आधीच बसलेली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिलोआजवळ त्यांच्या गस्ती पथकावर हल्ला होऊन १५ सैनिक मेले आणि मार्चमध्ये सरकारने पश्चिम भागात आणीबाणी जाहीर केली. जगाच्या वर्तमानपत्रांत या १५ जणांची बातमी कोपऱ्यात आली. टोंगो टोंगो पहिल्या पानावर गेले ते मृतांत अमेरिकी होते म्हणून, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेचे सैन्य नायजरमध्ये लढण्यासाठी नव्हते, निदान कागदोपत्री तरी. २०१३ साली अध्यक्ष ओबामा यांनी टेहळणी ड्रोनसाठी सुमारे १०० सैनिक नियामे या राजधानीत पाठवले. २०१७ पर्यंत हा आकडा ८०० च्या आसपास गेला. त्यांत बरेच जण अगादेझ येथे नवा ड्रोन तळ बांधण्याच्या कामावर होते, आणि काही छोटी पथके नायजरच्या तुकड्यांना प्रशिक्षण देत त्यांच्यासोबत फिरत. ‘प्रशिक्षण द्या, सल्ला द्या, सोबत जा’ असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. यातल्या ‘सोबत जा’ या शब्दांत सगळी गोम आहे. सोबत कुठवर जायचे आणि समोर शत्रू आला तर काय करायचे, याची रेघ नकाशावर आखता येते, पण माळावर ती दिसत नाही.

असे एक पथक नियामेच्या उत्तरेला असलेल्या वालाम या गावी होते. अमेरिकी लष्कराच्या ‘ग्रीन बेरे’ या विशेष दलाचे हे पथक. मात्र त्यातले सगळेच ग्रीन बेरे नव्हते, काही जण मदतनीस विभागांतून आलेले होते. बदल्यांमुळे या पथकातील निम्म्याच लोकांनी नायजरला येण्यापूर्वी एकत्र सराव केला होता, असे पुढे चौकशीत निघाले.

३ ऑक्टोबरला सकाळी हे पथक नायजरी सैनिकांसह वालामहून निघाले. एकूण ४६ माणसे आणि ८ गाड्या. तीन गाड्या अमेरिकनांच्या, पाच नायजरच्या. चिलखती गाडी एकही नव्हती. साध्या पिकअप आणि जीपच्या धाटणीच्या गाड्या, त्यांतल्या काहींवर मशीनगन बसवलेल्या. वरिष्ठांना पाठवलेल्या आराखड्यात मोहिमेचे वर्णन होते स्थानिक पुढाऱ्यांच्या भेटीगाठी आणि टेहळणी असे. प्रत्यक्षात पथक निघाले होते ते शेफूचा माग काढायला. ऑक्टोबर २०१६ मध्ये जेफ्री वूडकी या अमेरिकी मदतकार्यकर्त्याचे नायजरमधून अपहरण झाले होते आणि त्यात शेफूचा हात असावा असा संशय होता. आराखड्यात खरा हेतू लिहिला असता तर तो मंजुरीसाठी अधिक वरच्या अधिकाऱ्याकडे गेला असता. जुन्या कागदातला मजकूर उचलून नव्या कागदात डकवला गेला होता, असे चौकशीत आढळले. सरकारी कचेरीत कधी काम केलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथे त्या कागदाच्या भरवशावर माणसे शत्रूच्या मुलखात गेली.

शेफू जिथे असावा असे वाटत होते तिथे तो सापडला नाही. पथक परतीच्या वाटेला लागणार, तोच नवी खबर आली की सरहद्दीजवळ त्याचा ठावठिकाणा लागला आहे. आता मोठी योजना आखली गेली. आर्लितहून दुसरे अमेरिकी पथक हेलिकॉप्टरने उतरून छापा घालणार आणि वालामचे पथक मागून त्यांना आधार देणार. रात्री हवामान बिघडले, हेलिकॉप्टर मागे फिरले. पण छापा रद्द झाला नाही. चाडच्या राजधानीत, एन्जामेना येथे, बसलेल्या बटालियन प्रमुखाने वालामच्या पथकाला एकट्यानेच पुढे जाण्याचा हुकूम दिला. या कामासाठी लागणारी सामग्री आणि माहिती आपल्याकडे नाही, असे पथकाच्या कॅप्टनने आधी कळवले होते, अशा बातम्या पुढे छापून आल्या. मुळात आधार देण्यासाठी ठरलेले पथक अशा रीतीने रात्रीतून मुख्य पथक बनले.

४ तारखेच्या पहाटे ते ठरलेल्या जागी पोहोचले तेव्हा तळ रिकामा होता. शत्रू निघून गेला होता आणि मागे राहिले होते ते किरकोळ सामान. ते नष्ट करून ताफा परत फिरला. नायजरी सैनिकांकडचे पाणी संपत आले होते. वाटेत टोंगो टोंगो लागत होते. सकाळी तिथे थांबून त्यांनी पाणी भरले, खाल्ले-प्यायले. गावच्या प्रमुखाशी अमेरिकनांचे बोलणे झाले. ते लांबत गेले आणि गावकरी मुद्दाम वेळ काढत आहेत अशी शंका काही सैनिकांना आली. गावाने हल्लेखोरांना आपखुशीने मदत केली, असे मात्र चौकशीत सिद्ध झाले नाही. रात्री बंदूकवाले येऊन जातात, दिवसा सैनिक येतात, आणि दोघेही दुसऱ्याचा पत्ता विचारतात. अशा गावात कोण कुणाच्या बाजूचा, हे बाहेरून आलेल्याला कळत नाही आणि पुष्कळदा गावालाही ठरवता येत नाही.

साडेअकराच्या सुमारास ताफा गावाबाहेर पडला आणि ११ वाजून ४० मिनिटांच्या आसपास मागच्या गाड्यांवर गोळ्या आल्या. मराठी वाचकाला गनिमी कावा समजावून सांगायला नको. पण आपल्या मनातला कावा घाटातला, खिंडीतला असतो. वरून दगड लोटायला कडा आणि निसटायला रान. इथे कडा नव्हता, खिंड नव्हती. होता तो सपाट माळ आणि झाडांच्या रांगा. सपाट जमिनीवरच्या दब्याचे बळ वेगात आणि संख्येत असते. सुरुवातीला थोड्याच बंदुका वाजल्या. आपण मूठभर लोकांशी लढतो आहोत असे वाटून कॅप्टन आणि काही सैनिक गाड्यांतून उतरले आणि बगलेने जाऊन त्यांनी चार हल्लेखोर टिपले. एवढ्यात झाडांच्या आडून मोटारसायकली आणि जड मशीनगन लावलेल्या गाड्या पुढे सरकताना दिसल्या. हल्लेखोर शंभराहून अधिक होते. त्यांची एक फळी समोरून गुंतवून ठेवत होती आणि दुसरी बगलेने वळसा घालत होती. कॅप्टनने माघारीचा इशारा दिला, पण मागे राहिलेल्या गाड्यांपर्यंत तो नीट पोहोचला नाही.

मागे राहिलेल्यांत तीन जण एका गाडीच्या आडोशाने लढत होते. ब्रायन ब्लॅक (३५), डस्टिन राइट (२९) आणि जेरेमाया जॉन्सन (३९). राइट गाडी पायी चालण्याच्या वेगाने पुढे नेत होता आणि बाकीचे दोघे तिच्या आडून गोळ्या झाडत होते. पहिली गोळी ब्लॅकला लागली. तो पथकाचा वैद्यक सहायक होता आणि त्याने हौसा भाषा शिकून घेतली होती. दोघांनी त्याला गाडीच्या आडोशाला ओढले, पण शत्रू जवळ येत होता. दोघे धावत सुटले. जेरेमाया जॉन्सन जबर जखमी होऊन पडला. राइट पुढे निघून गेला असता तर कदाचित वाचला असता. तो मागे वळला, मित्राजवळ थांबून लढत राहिला, आणि दोघेही तिथेच मारले गेले.

चौथा ला डेव्हिड जॉन्सन, वय २५, गाड्यांची दुरुस्ती करणारा. जेरेमाया जॉन्सनही ग्रीन बेरे नव्हता, तो रासायनिक संरक्षणाचा तज्ज्ञ होता. म्हणजे मेलेल्या चार अमेरिकनांपैकी दोघे विशेष दलाचे नव्हतेच. ला डेव्हिड आणि दोन नायजरी सैनिक आपल्या गाडीत चढण्याचा प्रयत्न करत असता गोळीबारात कोंडले गेले आणि पायी पळाले. नायजरचे दोघे वाटेत पडले. ला डेव्हिड ९६० मीटर धावला. एका काटेरी झाडाखाली लपून त्याने शेवटपर्यंत बंदूक चालवली. सोबत्यांना तो कुठे आहे हे कळलेच नाही. त्याचा मृतदेह दोन दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, मिळाला, आणि तोही गावकऱ्यांनी दाखवल्यावर.

उरलेले सैनिक गोळ्या खात, जखमी सोबत्यांना सांभाळत एका दलदलीच्या काठापर्यंत पोहोचले. आता आपण वाचत नाही, असे मानून त्यांनी आपापल्या उपकरणांवर घरच्यांसाठी निरोप लिहून ठेवले. मदतीची पहिली हाक गेली होती ती हल्ल्यानंतर ५३ मिनिटांनी. हाक पोहोचल्यावर जवळचे ड्रोन तिकडे वळवले गेले, पण ते निःशस्त्र होते. त्यावरून वरिष्ठांना लढाई दिसत होती, हस्तक्षेप करता येत नव्हता. फ्रान्सची मीराज विमाने हाकेनंतर ४७ मिनिटांत माथ्यावर आली. खाली मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखता येईना, त्यामुळे वैमानिकांनी बॉम्ब टाकले नाहीत. फक्त अगदी खालून घोंघावत गेले. त्या आवाजाने हल्लेखोर पांगले आणि दलदलीच्या काठावरची माणसे वाचली ती एका अर्थी या आवाजामुळे. पुढे मदतीला आलेल्या नायजरच्या तुकडीने ओळख न पटल्याने आपल्याच लोकांवर ४८ सेकंद गोळ्या झाडल्या. संध्याकाळी फ्रेंच हेलिकॉप्टरांनी वाचलेल्यांना उचलले.

अमेरिकेत यानंतर जे झाले त्यात नायजर फारसे नव्हते. अध्यक्ष ट्रम्प यांनी ला डेव्हिड जॉन्सनच्या गरोदर पत्नीला केलेल्या फोनवरून रणकंदन माजले आणि दोन आठवडे चर्चा त्या फोनवरच फिरत राहिली. नायजरमध्ये आपले एवढे सैनिक आहेत हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे लिंडसे ग्रॅहॅम यांच्यासारख्या ज्येष्ठ सिनेटरनी सांगितले. ज्यांनी परवानगी द्यायची त्यांनाच पत्ता नसणे हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग होता, पण त्यावर फार वेळ कोणी थांबले नाही.

मेजर जनरल रॉजर क्लूटियर यांच्या चौकशीचा निष्कर्ष मे २०१८ मध्ये जाहीर झाला. हल्ल्याला कोणतीही एक चूक कारणीभूत नाही, असे त्यात म्हटले होते. चुकीचे वर्णन केलेला आराखडा, नायजरी सैनिकांबरोबर न केलेला सराव, अपुरे प्रशिक्षण, एकमेकांवर विसंबून राहिलेले वरिष्ठ, अशी चुकांची साखळी त्यात मांडलेली होती. सैनिकांच्या शौर्याबद्दल अहवालाने शंका ठेवली नाही. काही अधिकाऱ्यांना लेखी ताकीद मिळाली. मृतांच्या कुटुंबांपैकी काहींचे समाधान झाले नाही. दोषाचा मोठा वाटा खालच्या पथकाच्या माथी मारून पुढे जाण्याचा हुकूम देणाऱ्यांना सोडून दिले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. आराखड्यातल्या चुका खालच्या असतील, पण एकट्या पथकाला सरहद्दीपर्यंत पाठवण्याचा निर्णय वरचा होता. मार्च २०१८ मध्ये इस्लामिक स्टेटने मृत सैनिकाच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण प्रचारासाठी वापरले आणि घरच्यांच्या जखमेवर मीठ चोळले गेले.

अमेरिकेने यातून पथकांच्या फिरतीवर बंधने घातली आणि नायजरमधून सशस्त्र ड्रोन उडवायला सुरुवात केली. अगादेझचा तळ सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून पुरा झाला. पण सरहद्दीवरचे युद्ध थांबले नाही, उलट वाढले, आणि त्यात मरत होते नायजरचे सैनिक. मे २०१९ मध्ये टोंगो टोंगोच्याच परिसरात आणखी एका दब्यात त्यांचे २८ जण पडले. डिसेंबर २०१९ मध्ये इनातेस येथील छावणीवर ७१ आणि जानेवारी २०२० मध्ये शिनागोद्रार येथे ८९. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रेंच सैन्याने अल-सहरावीला मारले, तरी त्याचा गट टिकला. वूडकी साडेसहा वर्षांच्या कैदेनंतर मार्च २०२३ मध्ये सुटले.

जुलै २०२३ मध्ये नायजरच्या लष्कराने सत्ता हाती घेतली. फ्रेंच सैनिक त्या वर्षअखेरीस गेले. मार्च २०२४ मध्ये लष्करी राजवटीने अमेरिकेबरोबरचा करारही मोडला, आणि ऑगस्टमध्ये अगादेझचा तळ रिकामा झाला. ज्या तिलाबेरी प्रांतात टोंगो टोंगो आहे, तिथे एप्रिल २०२५ मध्ये वीजवाहिन्यांच्या कामावर गेलेल्या ५ भारतीय कामगारांना बंदूकधाऱ्यांनी पळवून नेले. ते पाचही जण झारखंडमधील गिरिडीह जिल्ह्यातले होते.